नाव माथ्यावर, पुरावा पोटात

जुन्या सामानाच्या बाजारातून, एखाद्या बंद पडलेल्या वाद्यवृंदाच्या अडगळीतून किंवा नातलगांच्या माळ्यावरून हाती आलेल्या अकूस्टिक गिटारविषयी, म्हणजे विजेच्या साहाय्याशिवाय केवळ आपल्या पोकळ लाकडी देहाच्या बळावर निनादणाऱ्या गिटारविषयी, दोन प्रश्न बहुधा एका दमात विचारले जातात: ती किती जुनी आहे आणि ती कुठली आहे. हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असले तरी एक नव्हेत, आणि त्यांच्या आड एक तिसरा प्रश्न उभा असतो, तो असा की माथ्यावर ज्या कंपनीचे नाव झळकते तिनेच ती गिटार खरोखर घडवली आहे काय. विकणारा या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरून पहिल्या दोहोंची उत्तरे देतो, घेणारा ती मुकाट्याने मान्य करतो, आणि जुन्या गिटारच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका याच घाईतून जन्म घेतात.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी बखरीतील कथनापेक्षा समकालीन अस्सल पत्राला अधिक मान दिला, कारण बखर पुष्कळदा घटनेनंतर आणि काही हेतू मनात धरून लिहिलेली असते, तर पत्र त्या दिवसाच्या कामापुरते लिहिलेले असल्यामुळे पुढच्या पिढीतील वाचकाला फसवण्याचे त्याला कारण नसते. गिटारच्या माथ्यावरचे नाव ही अशीच एक बखर आहे, कारण ते गिऱ्हाइकाने वाचावे म्हणूनच तेथे घातलेले असते. उलट पोटातल्या ठोकळ्यावर ठोकलेला क्रमांक, पाठीच्या आतल्या अंगाला उमटवलेला शाईचा शिक्का, सांध्यातून ओघळून वाळलेला सरस आणि खुंट्या बसवताना वापरलेल्या स्क्रूच्या डोक्यावरची खाच ही सारी कारखान्याच्या आतल्या कामाची कागदपत्रे होत. परीक्षणाची सगळी रीत या एका भेदावर उभी आहे.

ज्या वाचकाला सतार किंवा तंबोरा ओळखीचा आहे त्याला गिटारचे अवयव नव्याने शिकावे लागत नाहीत. वरची पातळ फळी म्हणजे तबली, तीवर तारा पेलणारी घोडी, लांब मानेवर बसवलेले धातूचे पडदे, आणि माथ्यावर तारा ताणणाऱ्या खुंट्या, असा हा परिचित संसार आहे. फरक एवढाच की गिटारच्या तबलीला मध्यभागी गोल तोंड असते आणि तबलीच्या आतल्या बाजूला लाकडी पट्ट्यांची एक चौकट चिकटवलेली असते, जिला कारागीर ब्रेसिंग म्हणतात. दंतवैद्य वापरतात तसा लांब दांडीचा छोटा आरसा आणि एक बारीक विजेरी या गोल तोंडातून आत सोडली की जे दिसते, त्याची किंमत बाहेरच्या सगळ्या चकाकीपेक्षा अधिक असते.

नावांच्या गोंधळाचा विचार आधी करणे इष्ट, कारण त्याची व्याप्ती मोठी आहे. अमेरिकेत शिकागो येथे १८९२ मध्ये स्थापन झालेल्या हार्मनी या कारखान्याने पुढे सिअर्स या टपालविक्री करणाऱ्या बड्या दुकानासाठी अगणित गिटारी घडवल्या, आणि त्यांच्या माथ्यावर हार्मनीचे नव्हे तर सिअर्सच्या सिल्व्हरटोन या छापाचे नाव असे. स्टेला हे नाव प्रथम न्यू जर्सीतील ऑस्कर श्मिट यांच्या कारखान्याचे होते. १९३९ मध्ये ते हार्मनीने विकत घेतले, आणि म्हणून स्टेला एवढ्या एका नावाखाली दोन वेगळ्या शहरांतील, वेगळ्या हातांच्या आणि अगदी वेगळ्या योग्यतेच्या गिटारी आज बाजारात फिरताना दिसतात. एपिफोन ही मूळची न्यूयॉर्कची नामांकित पेढी १९५७ मध्ये गिब्सनच्या ताब्यात गेली. १९६० च्या दशकातील एपिफोन गिब्सनच्या कालामाझू येथील कारखान्यात बनली, १९७० नंतर हेच नाव जपानी गिटारींवर आले आणि त्यानंतर ते कोरिया, चीन व इंडोनेशिया असा प्रवास करत राहिले. म्हणजे केवळ एपिफोन एवढेच सांगणाऱ्याने गिटारच्या मूळस्थानाविषयी काहीही सांगितलेले नसते.

सर्वांत गमतीचे उदाहरण इबानेझचे आहे. हे नाव स्पेनमधील वालेन्सिया येथील साल्वादोर इबान्येझ या कारागिराचे. त्याच्या गिटारी जपानमध्ये आणून विकणाऱ्या होशिनो या जपानी पेढीने पुढे ते नाव स्वतःच धारण केले, आणि त्यामुळे नाव स्पॅनिश, गिटार जपानी अशी स्थिती कायमची होऊन बसली. जपानच्याच ताकामिनेने एका काळी आपले नाव माथ्यावर अशा वळणाच्या अक्षरांत लिहिले की दुरून पाहणाऱ्याला ते अमेरिकेच्या मार्टिन कंपनीचेच वाटावे. आपल्याकडे कोलकात्याच्या गिटारींवर दिसणारी गिव्हसन आणि हॉबनर ही नावे अमेरिकेच्या गिब्सनपासून आणि जर्मनीच्या हॉफनरपासून जेमतेम एका अक्षराच्या अंतरावर आहेत. शाळेतल्या मास्तरांनी शुद्धलेखनाची वही तपासावी तसे माथ्यावरचे प्रत्येक अक्षर तपासावे, हा उपाय साधा आहे. आश्चर्य हे की तो फार थोडे लोक करतात.

नाव बाजूला ठेवल्यावर उरतो तो काळाचा हिशेब, आणि तेथे एक तत्त्व नीट समजून घेतले पाहिजे. कारखान्याने घातलेला क्रमांक किंवा तारीख सोडली तर कोणतीही खूण सहसा गिटारचे जन्मसाल सांगत नाही. ती बहुधा एवढेच सांगते की ही वस्तू अमुक वर्षाच्या आधीची असू शकत नाही. त्यामुळे गिटारमध्ये मूळचे म्हणून जे भाग आहेत त्यांतील सर्वांत अलीकडचा भाग तिच्या वयाची मर्यादा ठरवतो, सर्वांत जुना भाग नव्हे. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात मेसाया नावाने प्रसिद्ध असलेले स्ट्रॅडिव्हेरियसचे व्हायोलिन आहे. त्यावर १७१६ हे साल आहे आणि त्याच्या अस्सलपणाविषयी मोठा वाद झाला होता. तबलीच्या स्प्रूस लाकडातील वाढीची वर्तुळे मोजली तेव्हा त्यांतील शेवटचे वर्तुळ १६८० च्या दशकातील निघाले. याने व्हायोलिन १७१६ चे आहे हे सिद्ध झाले नाही, कारण जुने लाकूड कोणीही नंतर वापरू शकतो. पण ते वर्तुळ १७५० चे निघाले असते तर लेबल तत्क्षणी खोटे ठरले असते. पुरावा एखादा दावा पाडू शकतो, पण त्याला एकट्याने उभे करू शकत नाही, हा धडा शंभर डॉलरच्या गिटारलाही तितकाच लागू आहे.

क्रमांकांच्या बाबतीत सर्वांत सरळ वर्तन मार्टिन कंपनीचे. क्रिस्टियान फ्रेडरिक मार्टिन हा सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्शेन गावचा कारागीर १८३३ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि काही वर्षांतच पेन्सिल्व्हेनियातील नॅझरेथ येथे स्थायिक झाला, जेथे कंपनी आजही आहे. १८९८ मध्ये कंपनीने आपल्या गिटारींना क्रमांक घालण्यास आरंभ केला तेव्हा तोवर घडलेल्या वाद्यांचा अंदाज धरून मोजणी ८००० पासून सुरू केली, आणि तेव्हापासून ती माळ सलग चालू आहे. हा क्रमांक मान जेथे देहाला जोडली जाते तेथील आतल्या ठोकळ्यावर ठोकलेला असतो व गोल तोंडातून वर डोकावले की वाचता येतो. १९३० अखेर ही मोजणी ४५३१७ वर, १९४० अखेर ७६७३४ वर आणि १९५० अखेर ११७९६१ वर पोहोचली होती, त्यामुळे ८०००० च्या आसपासचा क्रमांक असलेली मार्टिन १९४० नंतर लगेचची, हे घरबसल्या सांगता येते. तथापि मार्टिनच्याही पोटात एक चकवा आहे: १८६७ ते १८९८ या काळातील गिटारींवर न्यूयॉर्कचा शिक्का आढळतो, मात्र त्या घडल्या नॅझरेथमध्येच. विक्रीची पेढी न्यूयॉर्कला होती आणि शहराच्या नावाला वजन होते, एवढाच त्याचा अर्थ.

गिब्सनचे क्रमांक मात्र संशोधकाची कसोटी पाहतात. १९६० च्या दशकात या कंपनीने तेच ते क्रमांक एकाहून अधिक वेळा वापरले, आणि म्हणून त्या काळातील एका क्रमांकाला दोन-तीन निरनिराळी वर्षे शोभतात; मग माथ्याची रुंदी, खुंट्यांचा प्रकार, नावाच्या अक्षरांचे वळण असे इतर साक्षीदार बोलवावे लागतात. नावाचे वळण येथे उपयोगी पडते, कारण सुरुवातीचे तिरपे, हाताने लिहिल्यासारखे नाव दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या सुमारास, ठळक उभ्या अक्षरांत आले. युद्धकाळातील, साधारण १९४२ ते १९४५ मधील, गिब्सनच्या माथ्यावर एक छोटी फीत रंगवलेली असे व तीवर फक्त गिब्सनच पुरेशी चांगली अशा आशयाचे ब्रीद असे. या गिटारी घडवणाऱ्यांत कालामाझूतील स्त्रियांचा मोठा वाटा होता, कारण पुरुष युद्धावर गेले होते. १९७० पासून माथ्याच्या मागे अमेरिकेत बनल्याचा ठसा ठोकला जाऊ लागला. १९७७ मध्ये अखेर कंपनीने शहाणपणाची आठ अंकी पद्धत स्वीकारली, जिच्यात पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष होते आणि दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंतचे तीन अंक वर्षातील दिवस सांगतात. उदाहरणार्थ ८१२११५४५ हा क्रमांक असल्यास पहिला ८ व पाचवा १ मिळून १९८१ आणि मधले १२१ म्हणजे वर्षाचा एकशे एकविसावा दिवस, अर्थात १ मे. शेवटचे तीन अंक ५०० च्या वरचे असल्याने कारखाना कालामाझूचा नसून नॅशव्हिलचा. जन्मपत्रिका याहून नेमकी ती काय असणार?

इतर कंपन्यांचा उल्लेख थोडक्यात पुरे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून जपानी इबानेझच्या क्रमांकातील आरंभीचे इंग्रजी अक्षर महिना आणि पुढचे दोन अंक वर्ष दाखवते. ताकामिनेच्या क्रमांकात पहिले दोन अंक वर्षाचे आणि पुढचे दोन महिन्याचे असतात. जर्मनीच्या फ्रामुसच्या बऱ्याच गिटारींत मुख्य क्रमांकाजवळ वर्षाचे शेवटचे दोन अंक व महिन्याचे अक्षर वेगळे लिहिलेले सापडते. हार्मनीच्या पाठीच्या आतल्या बाजूला, पुष्कळदा फिकट झालेल्या शाईत, एक अक्षर आणि त्यापुढे वर्षाचे दोन अंक उमटवलेले असतात, आणि स्वस्त समजल्या गेलेल्या या गिटारचे साल त्यामुळे कित्येक महागड्या गिटारींपेक्षा लवकर कळते. यामाहाच्या लेबलवर निप्पॉन गाक्की हे नाव असेल तर गिटार १९८७ च्या आधीची, कारण त्या वर्षी कंपनीने आपले अधिकृत नाव बदलून यामाहा केले. १९६६ मध्ये आलेल्या तिच्या एफजी मालिकेची सुरुवातीची लाल लेबले तर आता स्वतःच एक कालखंड मानली जातात.

देशाच्या नावाच्या शिक्क्यांमागे कायदा आणि राजकारण असते, आणि म्हणून ते इतर कोणत्याही खुणेपेक्षा अधिक बोलके असतात. ब्रिटनने १८८७ च्या व्यापारचिन्ह कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालण्याचा आग्रह धरला, तो मुख्यतः जर्मन मालाकडे बोट दाखवण्यासाठी. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव इंग्रजीत असावे असा नियम केला. जपानी वस्तूंवर व्याप्त जपान असा उल्लेख असेल तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरची आणि १९५२ मध्ये जपानबरोबरचा शांततेचा तह अमलात येण्यापूर्वीची. पश्चिम जर्मनी हा शब्द १९४९ ते १९९० या काळाचा, आणि चेकोस्लोव्हाकिया हा शब्द १९१८ च्या आधी किंवा १९९२ च्या नंतर असूच शकत नाही.

या शिक्क्यांमागचा इतिहास समजण्यासाठी सॅक्सनी आणि बोहेमिया यांच्या सीमेवरचा एक लहानसा टापू पाहावा. सीमेच्या एका बाजूला मार्कनॉयकिर्शेन, दुसऱ्या बाजूला श्योनबाख, आणि दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन व गिटार घडवणारी जर्मनभाषक घराणी. कार्ल हॉफनरने आपली कार्यशाळा १८८७ मध्ये श्योनबाखला काढली तेव्हा ते गाव ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. १९१८ नंतर ते चेकोस्लोव्हाकियात गेले, १९३८ मध्ये जर्मनीने गिळले आणि १९४५ नंतर पुन्हा चेकोस्लोव्हाकियात येऊन त्याचे नाव लुबी झाले. जर्मनभाषक कारागिरांना तेथून हाकलण्यात आले आणि त्यांतले पुष्कळ जण बव्हेरियातील बुबेनरॉइट या खेड्याभोवती नव्याने वसले, जेथे हॉफनर आणि फ्रामुस या कंपन्या भरभराटीस आल्या. सीमेपलीकडील मार्कनॉयकिर्शेन पूर्व जर्मनीत राहिले आणि तेथे सरकारी मालकीचा मुसीमा हा कारखाना उभा राहिला. परिणामी एकाच परंपरेतल्या, एकाच धाटणीने कोरलेल्या माथ्याच्या तीन गिटारींवर पश्चिम जर्मनी, पूर्व जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकिया असे तीन शिक्के दिसू शकतात. अशा गिटारच्या बाबतीत कुठली या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एका शब्दात देता येत नाही. अमेरिकेतील मार्टिनच्या घराण्याची मुळेही याच मातीतली आहेत हे लक्षात घेतले म्हणजे तर नाहीच नाही.

शिक्का नसेल, लेबल गळून पडले असेल, तर लाकूड आणि रचना यांकडे वळावे लागते. तबलीखालच्या पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या असतील तर गिटार बहुधा स्वस्त अमेरिकी किंवा मध्य युरोपीय. दोन मुख्य पट्ट्या एकमेकींना फुलीप्रमाणे छेदत असतील तर मार्टिनने १८४० च्या दशकात वापरात आणलेली आणि पुढे पोलादी तारांच्या गिटारींत सर्वत्र पसरलेली रीत. आणि पट्ट्या पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरलेल्या असतील तर आंतोनियो दे तोरेस याने १९व्या शतकात पूर्णत्वाला नेलेली स्पॅनिश परंपरा, जी आतड्याच्या व पुढे नायलॉनच्या तारांसाठी आहे. तबली अखंड फळीची आहे की प्लायवूडची हे गोल तोंडाच्या कडेवरून कळते: अखंड लाकडाच्या रेषा वरून खालपर्यंत सलग उतरतात, तर प्लायवूडमध्ये थर उघडे पडतात. माथ्यापाशी पहिल्या पडद्याच्याही आधी एक जास्तीचा पडदा बसवलेला असेल तर तो शून्य पडदा होय, आणि तो पाहिल्यावर जर्मन किंवा पूर्व युरोपीय कारागिरीची शंका आधी घ्यावी.

लाकडाच्या बाबतीत एक धागा थेट सह्याद्रीपर्यंत पोहोचतो. मार्टिनच्या उत्तम गिटारींची पाठ आणि बाजू ब्राझीलच्या शिसवीची असे. ब्राझीलकडून मोठे ओंडके मिळणे दुरापास्त झाल्यावर १९६९ मध्ये कंपनीने नेहमीच्या उत्पादनासाठी भारतीय शिसवी स्वीकारली, म्हणजे पश्चिम घाटात वाढणारा आणि महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या कपाटांतून व झोपाळ्यांतून ओळखीचा असलेला शिसव. ब्राझीलची शिसवी १९९२ पासून दुर्मीळ वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे, आणि म्हणून या एका लाकडाच्या ओळखीवर गिटारची किंमतच नव्हे, तर ती सीमेपार विकता येईल की नाही हेही अवलंबून राहते. दोन्ही लाकडे नुसत्या नजरेने वेगळी ओळखणे जाणत्यांनाही जड जाते, त्यामुळे रंगावरून शपथ घेणाऱ्या विक्रेत्याला हसून सोडून द्यावे.

मानेच्या आत काय आहे हे लोहचुंबक सांगतो, आणि ही युक्ती या विद्येतील सर्वांत देखणी युक्ती म्हटली पाहिजे. तारांच्या ताणाने मान वाकू नये म्हणून तिच्या आत आधार घातलेला असतो. गिब्सनने १९२० च्या दशकाच्या आरंभीच ट्रस रॉड म्हणून ओळखली जाणारी, पिळून घट्ट वा सैल करता येणारी सळई आणली. तिचा आटा माथ्यावरच्या लहान झाकणाखाली असतो. मार्टिनने मात्र १९३४ पासून इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची न हलणारी पोलादी पट्टी वापरली, १९६७ मध्ये चौकोनी पोलादी नळी घेतली आणि पिळता येणारी सळई थेट १९८५ मध्ये स्वीकारली. मधल्या युद्धकाळात पोलादाची टंचाई झाली तेव्हा मार्टिनने पट्टीच्या जागी आबनूस घातले, ज्याला लोहचुंबक चिकटत नाही. क्रमांक १९४३ चा सांगत असेल आणि लोहचुंबक मानेला घट्ट धरून ठेवत असेल, तर मान बदलली आहे किंवा क्रमांक खोटा आहे, असा संशय घेण्याला पुरेसा आधार मिळतो.

मार्टिनच्या डी-२८ गिटारच्या तबलीभोवतीची माशाच्या काट्यासारखी नक्षीची पट्टी हा सापळाही सांगण्याजोगा आहे. ही पट्टी जर्मनीहून येत असे, साठा संपला आणि १९४७ मध्ये ती बंद झाली; म्हणून ती पट्टी दिसताच गिटार युद्धपूर्व काळातील असल्याचे सांगितले जाते. पण १९७६ मध्ये कंपनीने एचडी-२८ या नावाने तीच नक्षी पुन्हा आणली, आणि तीही आता सुमारे ५० वर्षे जुनी होऊन तितकीच पिवळी पडली आहे.

बारीकसारीक खुणांतही अशीच साक्ष असते. चौफुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यात बाजारात आला, त्यामुळे तो मूळचा असेल तर गिटार त्याहून जुनी नाही. कडेची पिवळसर पट्टी बोटाने जोराने घासून कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइडची, कारण सेल्युलॉइड कापूर घालूनच बनवतात. चपडा लाखेचे पॉलिश अतिनील दिव्याखाली नारिंगी झळकते, जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर हिरवट-पिवळे दिसते, आणि १९६० नंतर पसरलेले पॉलियुरेथेनसारखे लेप बहुधा निस्तेज राहतात. नायट्रोसेल्युलोज स्वतः १९२० च्या दशकात वापरात आले. स्पिरिट किंवा थिनर लावून लेपाची परीक्षा पाहण्याचा सल्ला काही जण देतात, तो सर्वथा टाळावा, कारण पुरावा तपासण्यासाठी पुरावाच पुसण्याचा तो प्रकार आहे.

भारतात सापडणाऱ्या गिटारींना आणखी एक पदर आहे. आयातीवर कडक निर्बंध असण्याच्या दशकांत परदेशी गिटार येथे दुकानातून कमी आणि माणसांबरोबर अधिक आली: गोव्याच्या तारवट्यांनी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांनी, परतताना आणलेली, किनाऱ्यावर आलेल्या परदेशी प्रवाशांनी विकून टाकलेली, मुंबईच्या बँडमध्ये आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या गोमंतकीय वादकांच्या घरी राहिलेली. १८६५ पासून चालत आलेल्या फुर्तादोसारख्या दुकानाची चिठ्ठी गिटारमध्ये आढळली तर तीही जपावी, पण ती विक्रेत्याची खूण आहे, कर्त्याची नव्हे, हे विसरू नये. चोरबाजारात या दोहोंची अदलाबदल नित्य होते. शिवाय आपल्याकडे हवाईयन गिटारचा मोठा जमाना होऊन गेला. हवाईहून आलेले ताऊ मो १९४० च्या दशकात कोलकात्यात राहून वाजवत व शिकवत होते, आणि पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी मांडीवर आडव्या धरलेल्या गिटारवर रागसंगीत प्रतिष्ठित केले. या प्रकारात तारांवरून पोलादी कांडी फिरवायची असल्याने तारा पडद्यांपासून उंच उचलाव्या लागतात, म्हणून अनेक साध्या गिटारींची माथ्याजवळची तारा टेकण्याची पट्टी काढून उंच पट्टी बसवली गेली, काहींचे पडदे घासून काढले गेले, तर काहींना जास्तीच्या तारा व खुंट्या जोडल्या गेल्या. अशी गिटार पाहून ती कुठल्याशा अज्ञात परदेशी प्रकारची असल्याचा निष्कर्ष काढणे सोपे असते आणि बहुधा चुकीचे असते. जादा खुंट्यांची भोके आतून पाहिली की ती कारखान्यात पाडलेली आहेत की नंतर, हे त्यांच्या कडांच्या ताजेपणावरून व लेपाच्या अभावावरून कळते.

यावरून दुरुस्तीचा प्रश्न उपस्थित होतो, कारण वर सांगितलेले सगळे नियम मूळच्या भागांना लागू आहेत आणि जुनी गिटार दुरुस्तीवाचून टिकत नाही. दमट हवेत सरस सुटतो, घोडी उखडते, खुंट्या गंजतात, आणि कारागीर चांगल्या मनाने सगळे नवे बसवून, तबली घासून, वर झळाळते पॉलिश चढवून गिटार परत देतो. मालक खूश होतो आणि गिटार मुकी होते. म्हणून ज्यांच्या घरी अशी गिटार आहे त्यांनी ती दुरुस्तीला देण्याआधी आतले लेबल, ठोकळ्यावरचा क्रमांक आणि पट्ट्यांची मांडणी यांची छायाचित्रे घ्यावीत, लेबल काढू देऊ नये, आणि कारागिराने काढलेल्या जुन्या खुंट्या, घोडी व स्क्रू मोडके असले तरी मागून घेऊन, कशाच्या जागी काय कधी बसवले याच्या चिठ्ठीसह, गिटारच्या पेटीतच एका पुरचुंडीत बांधून ठेवावेत.